पिकअपमध्ये माल भरताना दोर असा आवळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरींच्या गासड्या घेऊन निघालेलं पिकअप असो, नाहीतर मार्केट यार्डातून कांद्याची पोती घेऊन निघालेलं, भरून झालं की कुणीतरी मालावर थाप मारून सांगतंच, "जड आहे, हलत नाय." हा सल्ला धोक्याचा आहे. माल जितका जड, तितका तो हौद्याच्या तळाला घट्ट बसतो, हे खरं. पण ब्रेक दाबल्यावर पुढे जायचा त्याचा जोरही तितकाच वाढतो. दोन्ही बरोबरीनेच वाढतात, त्यामुळे नुसत्या वजनाने माल धरून राहत नाही. बांधणी करताना मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढच्या बाजूला आणि 50 टक्के जोर दोन्ही बाजूंना व मागे येणार, असं धरून चालतात. म्हणजे 1,000 किलो माल असेल तर करकचून ब्रेक लागल्यावर केबिनच्या मागच्या जाळीवर 800 किलोचा रेटा येऊ शकतो.

वजन आधी आरसीवर बघा. गाडीच्या भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की तुमची मर्यादा निघते. चालक, सोबतचा माणूस, ताडपत्री आणि मागाहून बसवलेल्या जाळ्या-फळ्या त्यातच आल्या. बोलेरो पिकअप 1.3 टनाचंही येतं आणि 1.7 टनाचंही, त्यामुळे शेजारच्या गाडीत किती माल बसला यावरून आपला हिशोब करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. माल बाजूने, मागून किंवा उंचीने बाहेर आला तरी 20,000 आहेतच. शंका असेल तर सरळ वजनकाट्यावर गाडी घाला.

जड माल खाली, मधोमध आणि जाळीला टेकवून. मागच्या चाकांच्या पलीकडे जड काही ठेवू नका. पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही.

पोती विटांसारखी सांधा मोडून रचा. मालात कुठेही फट ठेवू नका. चार बोटं जागा मिळाली तरी माल तेवढ्यात वेग घेतो आणि मग आदळतो. रिकामी क्रेट, घडी घातलेलं बारदान, काहीही कोंबा, पण जागा भरा. प्लास्टिकची पोती लोखंडी पत्र्यावर सहज घसरतात, तिथे खाली रबराची मॅट पाहिजेच.

आता दोर. खरं काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

दोराचं काम माल खाली दाबून ठेवायचं आहे. मालाभोवती गुंडाळलेला दोर सगळा माल एकत्र बांधतो, पण हौद्याला धरत नाही. म्हणून दोर एका बाजूच्या हुकातून मालावरून जाऊन दुसऱ्या बाजूच्या हुकात उतरला पाहिजे, तोही जितका उभा तितका चांगला. दोर तळाशी 30 अंशांचा कोन करत असेल तर ओढीतला निम्माच जोर खाली लागतो. त्यामुळे बुटका, पसरट माल नुसत्या दोरावर सोडू नका. त्याला पुढून-मागून लाकडी ठोकळ्यांची अडवणूक द्या.

आवळायची रीत अशी. एक टोक उजव्या हुकाला पक्कं बांधा, दोर मालावरून टाका आणि डावीकडे या. हुकाच्या वर साधारण हातभर अंतरावर दोराला पीळ देऊन कडं पाडा. त्या कड्यातून दोराचाच दुमड काढून फासा करा. हा दुमड खालच्या, म्हणजे मोकळ्या टोकाच्या बाजूने घ्यायचा. वरच्या, ताणलेल्या बाजूने घेतलात तर ओढ बसताच फासा मिटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ही एक गोष्ट माझ्या हाताला बसायला फार वेळ लागला, आणि नव्या पोरांचंही इथेच अडतं. मग मोकळं टोक हुकाखालून घेऊन परत वर फाशातून ओवा आणि अंगाचा भार टाकून खाली ओढा. कागदावर ओढ तिप्पट होते. घर्षणात त्यातली बरीच जाते, तरी नुसत्या हाताने ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त उरते. ओढ न सोडता फाशापाशी दोर चिमटीत धरा आणि तिथेच दोन वेढे आवळून गाठ मारा.

रॅचेटचा, म्हणजे दांडीने आवळायचा पट्टा असेल तर फारच चांगलं, पण त्याच्या लेबलवरची क्षमता वाचा आणि कड फाटलेला पट्टा फेकून द्या. निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या दोरावर माझा विश्वास नाही. आपल्याकडच्या उन्हात तो एका उन्हाळ्यात कडक होतो आणि हातात धरला की भुसा सुटतो. असा दोर ओढताना ठीक वाटतो, खड्ड्यात तुटतो. नायलॉन मजबूत असतो, मात्र भिजला की ताणतो, म्हणून पावसात जास्त वेळा बघावं लागतं. कपाट, अँगल, पत्रा अशा धारेवरून दोर जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दोर फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, बिजागरीला कधीही बांधू नका.

ताडपत्री सगळ्यात शेवटी, वेगळ्या दोराने. ती ऊन-पाऊस अडवते, माल धरत नाही.

आणि मालावर माणूस बसवायचा नाही. हमाल "इथंच नाक्यावर उतरतो" म्हणाले तरी नाही.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबाच. चादरी दबतात, कांदा पोत्यात बसतो, आणि गाठ जागच्या जागी असूनही दोर ढिला पडतो. पुण्याच्या रस्त्याला सावळेश्वरच्या टोलनाक्यापुढे गाडी कडेला घेऊन प्रत्येक दोर हाताने दाबून बघा. बोटांखाली तो दबला तर वेढे सोडून पुन्हा आवळा. तुळजापूरकडे जाणार असाल तर घाट चढायच्या आधी बघा, कारण चढाला सगळा माल फाळक्यावर रेलतो.

माल उतरवताना तोच रेललेला माल अंगावर येतो. आधी जमीन सपाट बघून गाडी लावा, हँडब्रेक ओढा. ताडपत्री काढून माल कुठे कललाय ते नजरेने पाहा, मगच दोर सोडा, आणि फाळका उघडताना समोर नाही, बाजूला उभे राहा.