पुण्यात घर विकताना एजंट कसा निवडावा?

फ्लॅट विकायचा आहे हे सोसायटीत चार जणांना कळलं, की फोन सुरू होतात. "काका, पार्टी तयार आहे, फक्त भाव सांगा." खरं तर बहुतेकांकडे पार्टीबिर्टी काही नसते. त्यांना आधी तुमचा फ्लॅट आपल्या यादीत हवा असतो. म्हणून एजंट शोधण्याआधी एक काम घरी बसून उरका.

आपल्या घराचा भाव आधी आपणच काढा. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची मोफत सोय आहे. तिथे वर्ष, गाव (म्हणजे कोथरूड, वडगाव, वाकड वगैरे) आणि सर्व्हे किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकला, की त्या मिळकतीवर नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजेच इंडेक्स टू, दिसते. शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट कागदोपत्री कितीला गेला हे त्यात असतं. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवरचे आकडे म्हणजे मालकांची अपेक्षा. त्यावर विसंबू नका. रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव नव्हे. आणि दर नेहमी कार्पेटवरच, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवरच मोजा. सेलेबल (जिना, लॉबी वगैरे धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) आणि कार्पेटची सरमिसळ झाली की तुलनेला अर्थ उरत नाही.

आता तीन एजंट घरी बोलवा, तिघेही तुमच्याच भागात काम करणारे. खराडीत आयटीवाल्यांना फ्लॅट विकणाऱ्याला एरंडवण्यातल्या जुन्या सोसायटीची नस सापडेलच असं नाही. तिथे गिऱ्हाईक पहिला प्रश्न रीडेव्हलपमेंटचा विचारतं: प्लॉट केवढा, रस्ता किती रुंद, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? एजंटला यातलं काही सांगता आलं नाही, तर तो फक्त दार उघडून देणारा माणूस आहे.

तिघांनाही एकच विचारा: माझ्या फ्लॅटचे किती येतील आणि कशावरून? इथेच बहुतेक विक्रेते फसतात, कारण सगळ्यात मोठा आकडा सांगणारा त्यांना आवडतो. असा एजंट आधी तुम्हाला खूश करून काम मिळवतो. मग दोन महिन्यांनी "मार्केट डाऊन आहे काका" म्हणत तुम्हालाच खाली आणतो. तोवर तुमची जाहिरात जुनी झालेली असते आणि बघणाऱ्यांच्या मनात शंका शिरते, की या फ्लॅटमध्ये काहीतरी भानगड आहे. जो एजंट आसपासचे इंडेक्स टू समोर ठेवून तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी आकडा सांगतो, त्याचं बोलणं कडू लागेल. माझी पसंती त्यालाच.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. कायद्याने ही नोंदणी महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पांमधल्या विक्रीसाठी लागते. जुन्या इमारतीतल्या रीसेलसाठी ती नसली तर लगेच गुन्हा ठरत नाही. तरी असलेली बरी.

आणखी एक परीक्षा न बोलता होते. पहिल्या भेटीत एजंट नुसतेच फोटो काढतो की कागद मागतो, ते बघा. शेअर सर्टिफिकेट, आधीचे सगळे करारनामे, भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), मिळकतकराची पावती, कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र. घर वडिलांच्या नावावर असेल तर वारसांची चौकशी त्याने करायलाच हवी. एखादा मालक अमेरिकेत असेल तर टीडीएसचा (खरेदीदार पैसे देतानाच कापून घेतो त्या कराचा) विषयही त्यानेच काढायला हवा, कारण अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त कापला जातो. सोसायटीच्या ट्रान्सफर प्रीमियमबद्दलही, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेबद्दलही, विचारून बघा. महापालिका हद्दीत तो जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. "लाखभर द्यावे लागतील" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

कमिशन पुण्यात साधारण १ ते २ टक्के चालतं, तेही बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून. किती, कधी आणि जीएसटी धरून की वेगळा, हे लिहून घ्या. "तुम्हाला इतके नेट, वरचे माझे" हा प्रस्ताव मात्र साफ नाकारा. त्यात खरा भाव तुम्हाला कधीच कळत नाही.

एकाच एजंटला दोन-तीन महिन्यांसाठी काम द्यायला हरकत नाही, पण मुदत लिहा. मुदतीत पितृपक्ष येत असेल तर ते पंधरा दिवस हिशेबात धरू नका, त्या दिवसांत बरेच लोक घर बघायलाही येत नाहीत. दहा जणांना दिलात, तर एकच फ्लॅट दहा भावांनी फिरतो आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी भाव धरून बसतं.

विसार मात्र थेट तुमच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन घ्या, एजंटच्या खात्यात नाही. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत, तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. "थोडी कॅश चालेल ना?" असं एजंटच सुचवत असेल तर दुसरा बघा. कमिशनचा मोठा भाग दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवून झाल्यावरच द्या.