आसरा चौकातली मोजणी

वाहतूक नियोजनात एम.टेक. करायला निघालेल्यांनी माझी पहिली चूक वाचून ठेवावी. प्रकल्पासाठी मी सोलापुरातल्या आसरा चौकात ऑगस्टातल्या एका मंगळवारी सकाळी वाहनं मोजली. त्या आकड्यांवर मॉडेल उभं केलं आणि रुंदीकरण, सिग्नल, पदपथ अशी बारा कामं त्यात घातली. प्रत्येक काम घ्यायचं की सोडायचं, अशी बारा कामांतून निवड करायची तर ४०९६ संच होतात. संगणकानं त्यातला सर्वोत्तम काढून दिला, मी खूश.

जानेवारीत पुन्हा तिथं उभा राहिलो. उसाचं गाळप जोरात, वर गड्डा यात्रेची गर्दी. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर वळला तेव्हा मागची ट्रॉली आतल्या कोपऱ्यावर घासत आली. रस्त्यात उतरलेली एक आजी पिशवी छातीशी धरून मागं सरकली आणि पुढचे दोन सिग्नल तिथंच थांबली. माझ्या मॉडेलमध्ये ती नव्हती, ट्रॅक्टरही नव्हता.

सरासरी काढून हे सुटत नाही. वाहनं वाढली की प्रवासाचा वेळ किती वाढतो ते सांगणारं नेहमीचं बीपीआर सूत्र घ्या. वाहनं क्षमतेइतकी असतील तर वेळ १५ टक्के वाढतो, दीडपट झाली तर ७६ टक्के. निम्मे दिवस अर्धी वाहनं आणि निम्मे दिवस दीडपट असतील, तर सरासरी वाहनांवरून १५ टक्के वाढ दिसते. रोज जाणाऱ्याला सरासरी सोसावी लागते ३८ च्या आसपास. म्हणून मी साधा दिवस, ऊस हंगाम आणि यात्रा अशा तीन परिस्थिती वेगळ्या चालवल्या. प्रत्येकीत आपला संच त्या दिवसाच्या सर्वोत्तमापेक्षा किती मागं पडतो ते पाहिलं आणि सगळ्यात वाईट तूट जिथं सर्वांत कमी, तो संच धरला. पहिला सर्वोत्तम संच त्यात बराच खाली गेला.

दुसरी गोष्ट भारांकाची, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती वजन द्यायचं त्याची. वेळेला ०.६, पादचाऱ्यांना ०.४ असं मी लिहिलं होतं. मार्गदर्शक म्हणाले, "हे ०.६ तुला कोणी दिलं?" उत्तर नव्हतं. आता मी दोन्ही उद्दिष्टं दोन अक्षांवर मांडतो, दुसऱ्या एखाद्या संचापुढे दोन्हीकडे हरणारे संच काढून टाकतो आणि उरलेले नगरसेवकांपुढे, रहिवाशांपुढे ठेवतो. निवड त्यांची.

कामांना सुटे गुण देऊन बेरीजही करू नका. नवा रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, हे जर्मन गणितज्ञ ब्राएस यांनी १९६८ मध्ये दाखवलं. त्यामुळे प्रत्येक संचासाठी मॉडेलमधल्या चालकांना मार्ग नव्यानं निवडू द्यावा लागतो. यात संगणकाचा वेळ फार जातो, जाऊ द्या.

मोजणीला दोघं जा: एकानं वळणारी वाहनं मोजायची, दुसऱ्यानं रस्ता ओलांडायला थांबलेली माणसं.