प्राणिसंग्रहालयात सहकुटुंब जाताना या चुका टाळा

‘वाघ नुसता झोपला होता’ अशी तक्रार घेऊन मुलं परततात, तेव्हा बहुधा वेळ चुकलेली असते. सिंह दिवसातले अठरा-वीस तास पडून काढतो. वाघ-बिबट्यांची हालचाल पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त. आरामात जेवून दुपारी बाराला आत शिरणाऱ्यांच्या वाट्याला सावलीत पसरलेल्या पाठीच येतात. दार उघडतानाच पोहोचा. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि तिकीट खिडकी बंद होण्याची वेळ आधी पाहून ठेवा. खिडकी बहुधा बाग बंद होण्याच्या बरीच आधी मिटते.

दुसरी चूक पहिल्या दहा मिनिटांतच होते. सगळे दाराजवळच्या हरणांपाशी आणि पक्ष्यांपाशी रेंगाळतात आणि मोठ्या प्राण्यांपर्यंत पोहोचेस्तोवर ऊन चढतं. नकाशा पाहून आधी वाघ, सिंह, अस्वल गाठा. सर्पालय, मत्स्यालय अशी छताखालची ठिकाणं दुपारसाठी राखा. घसरगुंडी-झोपाळे अगदी शेवटी, कारण ते एकदा दिसले की मुलं तिथून हलत नाहीत. धातूची घसरगुंडी उन्हात चटका देईल इतकी तापते; हाताची मागची बाजू टेकवून पाहा, मगच मुलाला बसवा.

सगळंच पाहायचा हट्टही नको. लहान मुलं दोनेक तासांत कंटाळतात. सहा-सात प्राणी निवडून प्रत्येकापाशी थोडं थांबलेलं बरं.

प्राणी दिसत नसला तर ‘रिकामाच आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. भिंतीची सावली, मचाणाखालची जागा, पाण्याचा काठ आणि रात्रीच्या खोलीचं दार या जागा आधी शोधा. संध्याकाळी बरेच प्राणी त्या दाराशीच घुटमळतात, कारण आत खाणं मिळणार हे त्यांना ठाऊक असतं. निशाचरांच्या दालनात दिवस-रात्र उलटी केलेली असते. आत गेल्यावर पाच मिनिटं उभे राहा, डोळे सरावू द्या. कुणी मोबाइलची बॅटरी लावली की तुमचेही डोळे दिपतात आणि प्राणीही दडतो.

काचेवर टकटक करून साप हलत नाही. त्याला बाहेरचा कान नसला तरी कंपनं जबड्याच्या हाडांतून जाणवतात, म्हणजे त्रास तेवढा होतो. माकडांकडे रोखून पाहत दात दाखवून हसणं त्यांना धमकीसारखं वाटतं. मग ते जाळीवर झेपावलं की मूल घाबरतं. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर चिंपांझींपासून लांबच राहा, आपले श्वसनाचे आजार त्यांना होतात.

खायला घालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. हरणांसारख्या रवंथ करणाऱ्यांच्या पोटात बिस्किटं-पाव झपाट्याने आंबतात, आम्ल वाढतं आणि जनावर आजारी पडतं. पिशवी गिळली गेली तर ती पोटातच अडकून राहते. म्हणून रिकामं पाकीटसुद्धा हातात नको, बॅगेत ठेवा.

वाघ पाठ करून शेपूट वर उचलतो तेव्हा बाजूला व्हा. तो मागच्या दिशेने मूत्र फवारतो, आणि फवारा काही फूट जातो.

जाळीमुळे फोटो बिघडत असेल तर उन्हाने न चमकणारा जाळीचा भाग निवडा, प्राणी जाळीपासून दूर असताना त्याच्यावरच फोकस धरा. काच असेल तर फ्लॅश बंद करून फोन काचेला टेकवा. पण फोटोसाठी मुलाला कठड्यावर बसवू नका. कठड्यापलीकडे खंदक असतो आणि एका झटक्यात तोल जातो.

मूल हरवण्याची तयारी दारातच करा: त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो घ्या, मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा. ‘चुकलास तर आहेस तिथेच थांब, गणवेशातल्या माणसाला सांग’ हे त्याच्याकडून म्हणवून घ्या. तरी हरवलंच, तर एकाने शेवटच्या जागी थांबावं आणि दुसऱ्याने थेट प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांना गाठावं. सगळेच शोधायला पांगले, तर मूल परत त्या जागी आलं तरी तिथे कुणीच नसतं.