पापलेट तळण्यापूर्वी

पापलेट तळायला वीस मिनिटेही लागत नाहीत, परंतु त्याआधीच्या तयारीला तास-सव्वा तास सहज जातो. त्यामुळे मंडळी दुपारी एकला पानावर बसणार असतील, तर साडेअकराच्या सुमारास मासा ओट्यावर आलेला असावा. तव्याला चिकटलेली कातडी, तेलात सुटून काळा पडलेला रवा आणि कुरकुरीत होण्याऐवजी लिबलिबीत राहिलेला मासा या तक्रारी आपण मसाल्याच्या किंवा तव्याच्या माथी मारतो. दोष बहुतेक वेळा माशाच्या अंगावर राहिलेल्या पाण्याचा असतो. पुढची सगळी तयारी म्हणजे या पाण्याचा बंदोबस्त होय.

चौघांसाठी प्रत्येकी पाव किलोच्या आसपासची चार पापलेटे घ्यावीत. अर्ध्या किलोचा मासा टोपलीत देखणा दिसतो, पण तव्यावर त्याची बाहेरची बाजू करपायला लागली तरी काट्याजवळचे मांस कच्चे राहते, म्हणून तो तुकड्या करून आमटीत घातलेला बरा. तळहाताहून लहान पिल्लेही घेऊ नयेत. पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि वाढ न झालेली पिल्लेच आपण संपवत राहिलो तर हा मान नुसता कागदावर उरेल. निवडताना कल्ल्याजवळ अंगठ्याने हलकेच दाबावे: पांढरट, दुधासारखे पाणी आले तर मासा ताजा, तांबूस आले तर तो बर्फात बरेच दिवस काढून आलेला आहे असे समजावे. बोट दाबल्यावर पडलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारातल्या पापलेटाकडे दुप्पट संशयाने पाहावे. त्याऐवजी मुडदुशे किंवा लेपा ताजा मिळाला तर तो खुशाल घ्यावा, कारण याच पद्धतीने तोही उत्तम तळला जातो.

कोळणीला “मावशी, अख्खेच ठेवा, फक्त कल्ले, पोट आणि पर काढून द्या” असे स्पष्ट सांगावे. घरी आल्यावर मासा वाहत्या पाण्याखाली धुवावा, भांडेभर पाण्यात बुडवून ठेवू नये. पोटाच्या पोकळीत मधल्या काट्याला चिकटलेली रक्ताची गडद रेघ नखाने खरवडून काढावी, कारण ज्याला आपण माशाचा वास म्हणतो त्यातला मोठा भाग तिथूनच येतो. मग दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत पोहोचतील अशा तीन-तीन तिरक्या चिरा द्याव्यात. डोक्याजवळ मांस जाड असते, तिथली चीर जरा खोल असावी. मासा लगेच तळायचा नसेल तर चाळणीत ठेवून, चाळणीखाली वाडगा घेऊन, फ्रिजमध्ये ठेवावा. पिशवीत साचलेल्या पाण्यात पडून राहिलेला मासा तासाभरात मऊ होतो.

आता मीठ. अनेक घरांत मीठ, हळद, तिखट आणि आंबट एकदमच चोळतात. मला ते पटत नाही. मीठ लागले की मासा पाणी सोडतो आणि त्या पाण्याबरोबर वाटणही ओघळून ताटात जमा होते. म्हणून आधी फक्त मीठ आणि हळद चोळावी, ताटाच्या एका बाजूखाली वाटी ठेवून ते कलते करावे आणि पंधरा मिनिटे हात लावू नये. खालच्या कडेला जमलेले पिवळसर पाणी फेकून द्यावे आणि मासा जुन्या सुती फडक्याने, चिरांच्या आतूनसुद्धा, टिपून घ्यावा. फडके फिरवताना कातडी बोटाला किंचित चिकट लागली की मासा वाटणासाठी तयार झाला.

या पंधरा मिनिटांत दोन वाटणे होतात. पहिले माशाला लावायचे: आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आले, दोन चमचे लाल तिखट आणि दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला आंबट रस), पाण्याचा थेंबही न घालता, बोटावरून ओघळणार नाही इतके घट्ट. आगळात मीठ असतेच, त्यामुळे या वाटणात वेगळे मीठ घालू नये. पहिल्यांदा आगळ वापरणाऱ्यांचा मासा हमखास खारट होतो तो इथेच. वाटण चिरांत भरून वीस मिनिटे ठेवावे. रात्रभर मुरवण्याचा मोह आवरावा, कारण आंबटाने नाजूक मांस आधीच अर्धे शिजल्यासारखे होते आणि तव्यावर भुसभुशीत पडते.

दुसरे वाटण सोबतच्या पातळ हिरव्या चटणीचे. मूठभर कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, तीन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे ओले खोबरे, चिमूटभर साखर आणि मीठ, हे सारे थंड पाण्याने भजीच्या पिठाइतके सैल वाटावे. लिंबू मात्र वाढताना पिळावे; आधी पिळले तर कोथिंबिरीचा रंग तासाभरात शेवाळी होतो. ही चटणी माशावर ओतायची नसून वाटीत वेगळी द्यायची असते, नाहीतर इतका वेळ बाहेर काढलेले पाणी आपणच परत आत घातल्यासारखे होईल.

परातीत दोन भाग तांदळाचे पीठ आणि एक भाग बारीक रवा कोरडाच मिसळून ठेवावा. मासा त्यात घोळवायचा तो तेल तापल्यावरच. आधीच घोळवून ओळीने मांडून ठेवलेले मासे दिसायला नीटनेटके दिसतात, पण तेवढ्यात पीठ ओल शोषून लगदा होते.

बीडाचा किंवा जाड लोखंडी तवा, दोन उलथनी, जाळी आणि तिच्याखाली ताट, एवढे हाताशी असावे. तव्यात अर्धे बोट शेंगदाण्याचे तेल तापवून चिमूटभर रवा टाकावा. तो तत्काळ बुडबुड्यांसकट वर येऊन पसरला तर तेल तयार आहे; तळाशीच बसला तर थांबावे, आणि धूर दिसला तर आच उतरवावी. एका वेळी दोनच मासे सोडावेत. पहिली चार-पाच मिनिटे उलथने खाली ठेवावे, कारण कवच धरले की मासा तव्यावरून आपण होऊन सुटतो आणि त्याआधी ओढला तर कातडी तव्यावरच राहते. तळणीचा चरचराट हळूहळू बारीक होत जातो, तेव्हा दोन उलथन्यांनी मासा एकदाच उलटावा. वर झाकण ठेवू नये, त्यावर जमलेली वाफ थेंबांनी परत माशावर पडते. दुसरी बाजू तीन-चार मिनिटांत होते. शंका असल्यास डोक्यामागच्या चिरेत सुरीचे टोक घालून पाहावे, मांस दुधासारखे पांढरे होऊन काट्यापासून सुटत असेल तर मासा उतरवावा. तो जाळीवर उभा टेकवून ठेवावा, एकावर एक रचू नये.

दुसऱ्या घाण्याआधी तेलात पडलेला रवा झाऱ्याने गाळून काढावा, तो करपून पुढच्या माशाला कडवट चव देतो. पानावर गरम भात, लिंबाची फोड आणि चटणीची वाटी आधीच वाढलेली असावी, आणि दोघांत एक अशी काट्यांसाठी रिकामी ताटली मांडायला विसरू नये.