"समजलं का?" विचारून काहीच समजत नाही

"समजलं का?" विचारलं की पुढच्या दोन बाकांवरून "हो सर" येतं, मागचे माना डोलावतात आणि आपण खूश होऊन फळा पुसतो. मग पेपर तपासताना कपाळाला हात. मी बरीच वर्षं हेच केलंय, म्हणून सांगतो, पोरांना खरंच किती समजलं ते बघायला चिठ्ठी वापरा नाहीतर ॲप, आधी एवढं ठरवा की काय उत्तर आलं तर उद्याचं लेक्चर बदलायचं. काहीही आलं तरी आपण पुढचा चॅप्टरच घेणार असू तर पोरांचा वेळ घेऊच नका.

सगळ्यात सोपी म्हणजे चिठ्ठी. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची (खरंच राखायची, बेल झाल्यावर कोणी थांबत नाही) आणि सांगायचं, आज सगळ्यात जास्त काय डोक्यावरून गेलं ते एका वाक्यात लिहा, नाव नको. "काही शंका आहेत का" असं विचारलंत तर साठ वेळा "नाही" वाचायला मिळेल. हार्वर्डचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक मॉस्टेलर हे करायचे, १९८९ मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला. चिठ्ठ्या बारकाईने वाचत बसू नका, मार्क द्यायचे नाहीयेत, नुसते गठ्ठे पाडा, सगळ्यात जाड गठ्ठा म्हणजे उद्याची पहिली दहा मिनिटं. आणि उद्या वर्गात तसं बोलून दाखवा, "काल बऱ्याच जणांनी हे लिहिलं होतं", नाहीतर तिसऱ्या वेळेपासून कोऱ्या चिठ्ठ्या येतात.

तासाच्या मधेच अंदाज हवा असेल तर अ ब क ड लिहिलेली कार्डं. हात वर करायला लावू नका, सगळे आधी हुशार पोराकडे बघतात. आधी मिनिटभर गप्प विचार, मग "एक दोन तीन" म्हटलं की कार्ड छातीशी धरून दाखवायचं.

खरी मेहनत प्रश्नात आहे. उदाहरणार्थ, चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? अ) शून्य ब) खाली ९.८ क) वर ९.८ ड) दिशा बदलतेय त्यामुळे सांगता येत नाही. बरोबर ब, पण गंमत अ मध्ये आहे, कारण तिथे वेग शून्य असतो आणि पोरं वेग आणि त्वरण एकच धरून चालतात. म्हणजे चुकीचा प्रत्येक पर्याय कुठल्यातरी खऱ्या गैरसमजातून आलेला हवा, उगाच भरतीचा नको. हार्वर्डचेच एरिक मेझूर १९९१ पासून असे प्रश्न विचारून पोरांनाच एकमेकांशी वाद घालायला लावतात. त्यांचा ढोबळ हिशोब असा, ३० टक्क्यांपेक्षा कमी बरोबर आले तर पुन्हा शिकवा, ७० च्या वर गेले तर थोडक्यात सांगून पुढे जा, मधे असतील तर शेजारच्याला पटवायला दोनेक मिनिटं द्या आणि परत मत घ्या. दुसऱ्या वेळी आकडा बऱ्याचदा चांगला वर जातो, आपण फळ्यावर काही न लिहिता.

आता मोबाईलवाले. सगळ्यांकडे फोन नसतील तर प्लिकर्स नावाचं ॲप बघा, पोरांच्या हातात फक्त छापलेलं कार्ड असतं, त्याची जी बाजू वर धरतील ते उत्तर, आणि तुम्ही तुमच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते येतं. मेंटीमीटरला (पोरं फोनवरून मत देतात ते ॲप) मतदान संपेपर्यंत रिझल्ट लपवून ठेवा, स्क्रीनवर उंच दांडा दिसला की उरलेले तिकडेच जातात. गूगल फॉर्म घरून भरायला बरा, चार्ट आपोआप तयार होतो. कहूट या क्विझच्या ॲपबद्दल माझं जरा वाकडं मत आहे, तिथे पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त पॉइंट मिळतात, धमाल येते पण विचार करणारं पोर मागे पडतं. पॉइंट बंद करता येतात, ते करा.

नावासकट की निनावी? कुठं अडलं ते हवं असेल तर निनावी, कोण अडलंय ते हवं असेल तर नावासकट, पण मार्क जोडू नका, मार्क आले की शेजाऱ्याचं बघून लिहितात. आणि नेट गेलं तर? कार्डं बॅगेत असू द्या, प्रश्न तोच चालतो.