मागच्या एक्सलची ऑइल गळती

माझी फोर बाय फोर पावसाळाभर ओढ्या-चिखलातून चालते. मागच्या चाकांची ऑइल सील (एक्सलमधलं तेल अडवणारी रबरी कडी) कितीही बदला, थोड्याच दिवसांत ब्रेकचे ड्रम पुन्हा तेलकट आणि ब्रेक लायनर भिजलेले! दोष सीलचा नव्हताच. एक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची छोटी वाट, चिखलाने गच्च बुजला होता. डिफरेन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) तापलं की आतली हवा फुगते आणि वाट नसली की सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. तोच गरम एक्सल गार पाण्यात बुडला की पाणी आत ओढलं जातं. माझं ऑइल पार दुधाळ झालं होतं.

ब्रीदर काढला, त्या जागी निपल (नळी जोडायचं छोटं तोंड) बसवून रबरी नळी थेट चॅसीच्या वर नेली, टोकाला छोटा फिल्टर. शाफ्टवर सील बसते तिथे नख फिरवून पाहिलं, चर पडली नव्हती. मग नवी सील, ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल. ड्रम अजून कोरडे आहेत. सील विकत घ्यायच्या आधी ब्रीदर बघाच.