काळा धूर आणि जोर कमी: आधी हवा, मग डिझेल

"गाडी खेचत नाही, धूर मारते." वडाळा ट्रक टर्मिनल असो की कळंबोलीचं स्टील मार्केट, गॅरेजच्या दारात तक्रार बहुधा याच शब्दांत येते. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड करून नुकताच लागलेला मुलगा ती ऐकून पहिला हात घालतो डिझेल फिल्टरला. फिल्टर चोक असला की इंजिनला डिझेल कमी पडतं. जोर जातो, पण धूर वाढत नाही. काळा धूर सांगतो ते उलट आहे: डिझेल भरपूर येतंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही किंवा नोझल ते नीट फवारत नाही. तेव्हा जोर कमी आणि धूरही नाही, अशी गाडी असेल तर डिझेल फिल्टर, बँजो बोल्टमधली (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टमधली) जाळी, फीड पंप, सक्शन लाइनमध्ये शिरणारी हवा आणि पूर्ण न ओढली जाणारी अ‍ॅक्सिलरेटर केबल बघा. धूर असेल तर पुढे वाचा.

स्पॅनर उचलण्याआधी ड्रायव्हरला नीट विचारा. गियर बदलताना एक काळा झोत येऊन थांबतो का? जुन्या टर्बो गाडीत तो चालतो, कारण टर्बोला (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याला) वेग घ्यायला क्षणभर लागतो. भरल्या गाडीला बोरघाटात सतत धूर येत असेल तर हवेची बाजू धरा. आयडलवरही धूर आणि सोबत ठोका असेल तर नोझल. जोर अचानक गेला की हळूहळू? अचानक गेला असेल तर बहुतेक होज पाइप निघालेला किंवा फाटलेला असतो. हळूहळू गेला असेल तर फिल्टर, नोझल, झीज. शेवटचं काम कुठलं झालं हेही विचारा. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) काढून बसवल्यावर सुरू झालेला धूर निम्मं उत्तर तिथेच देतो.

चाकांच्या हबजवळही हात नेऊन बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय आणि इंजिन बिचारं ओझ्याखाली धूर टाकतंय. आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, तर तो क्लच.

एअर फिल्टर. मेट्रोची आणि इमारतींची कामं चालू असलेल्या शहरात आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांचा फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. क्लीनरवरचा इंडिकेटर लाल झाला असेल तर वाद नको. अनेक इंजिनांत ओढीची (व्हॅक्यूमची) ही हद्द पाण्याच्या 25 इंचांच्या आसपास असते. एलिमेंट आत बल्ब धरून बघा. उजेड सगळीकडून सारखा यायला हवा. हवा मारायची तर आतून बाहेर, 2 बारच्या वर नाही, नोझल कागदाला टेकवून नाही. आतला सेफ्टी एलिमेंट हवा मारून परत बसवू नका, बदला. पावसाळ्यात भिजलेला कागद फुगतो आणि वरून स्वच्छ दिसूनही हवा अडवतो. फिल्टर काढून गाडी रस्त्यावर फिरवून बघायची सवय मात्र लावून घेऊ नका, टर्बोचा पंखा धूळ खातो.

टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड, या वाटेला सगळ्यात जास्त वेळ द्या. नव्यांची चूक इथेच होते. गाडी उभी करून रेस दिली की बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) कळत नाही. लोड नसला की एक्झॉस्टमध्ये टर्बोला जोरात फिरवण्याइतकी ताकदच नसते, म्हणून फाटका होजही शांत दिसतो. गेज लावा, भरलेली गाडी चढावर घ्या, वरचा गियर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. आकडा मॅन्युअलपेक्षा स्पष्ट कमी आला की लीक शोधा. त्यासाठी दोन्ही टोकांना प्लग लावून सिस्टीममध्ये सुमारे 2 बार हवा भरा, पुरवठा बंद करा आणि घड्याळ बघा. 15 सेकंदांत अर्ध्या बारच्या आसपास उतरली तर ठीक, त्याहून जास्त तर गळती. प्लग साखळीने बांधा, सुटला तर तोंड फोडतो. मग साबणाचं पाणी. क्लिपखाली होजला पडलेली चीर, इंटरकूलरच्या टाकीची शिवण आणि खालच्या बाजूला फ्रेमला घासून झालेलं भोक ही नेहमीची ठिकाणं. होजच्या बाहेर काळपट तेलकट डाग असेल तर गळती तिथेच समजा.

टर्बो हाताने फिरवून बघताना शाफ्टला बाजूला किंचित खेळ असतो, तो चालतो. पंखा हाउसिंगला टेकता कामा नये. पुढे-मागे खेळ जाणवला तर टर्बो गेला. वेस्टगेट (बूस्ट जास्त झाला की एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) असेल तर त्याच्या अ‍ॅक्च्युएटरला हातपंपाने दाब द्या. रॉड ठरलेल्या दाबाला हलायला हवा आणि दाब सोडल्यावर परत बसायला हवा. वेस्टगेट उघडाच अडकला तर बूस्ट बनतच नाही.

एक्झॉस्ट ब्रेकचा बटरफ्लाय बरेच जण विसरतात. न्हावा शेवाच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या ट्रेलरांत तो अर्धवट बंद अडकतो. धूर, जोर कमी आणि तापलेला मॅनिफोल्ड, तिन्ही एकदम. लिव्हर हाताने हलवून बघा, दोन मिनिटांचं काम. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात घेणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत व्हॉल्व्ह उघडा अडकून काजळी साचली की स्वच्छ हवेची जागा धुराने भरते आणि लक्षण तेच दिसतं.

हवा पास झाल्यावरच नोझल काढा. साध्या लाइन पंपाच्या इंजिनात एकेक पाइपचा नट सैल करून आरपीएम आणि धूर बघता येतो: ज्या सिलिंडरला फरक पडत नाही तो दोषी. कॉमन रेलला (सगळ्या नोझलना एकाच नळीतून उच्च दाबाचं डिझेल देणाऱ्या सिस्टीमला) हे कधीच करू नका. पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, धार कातडी फोडून आत जाते. तिथे स्कॅनर लावा. टेस्टरवर नोझलचा ओपनिंग प्रेशर मॅन्युअलशी जुळवा, मग प्रेशर त्याच्या 20 बार खाली ठेवून 10 सेकंद टोक बघा. थेंब पडला तर नोझल बाद. बसवताना जुना तांब्याचा वॉशर आत राहिला आणि त्यावर नवा टाकला की नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि दुरुस्तीनंतरही धूर तसाच.

पंपाला सर्वात शेवटी हात लावा. जोर कमी म्हणून कुणीतरी सील तोडून डिझेल वाढवलेलं असतं; सीलची तार आहे का ते आधी बघा. टाइमिंग मागे गेलं असेल तरी जोर जातो आणि धूर येतो.

बीएस 6 गाड्या (एप्रिल 2020 पासूनच्या) वेगळ्याच वागतात. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) शाबूत असेल तर काजळी बाहेर येत नाही, आत अडकते. लक्षण दिसतं ते वारंवार होणारं रीजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) आणि ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) स्वतः कमी केलेला जोर. अशा गाडीच्या सायलेन्सरमधून काळा धूर दिसला तर डीपीएफ फुटलेला किंवा काढून टाकलेला आहे. युरिया (एक्झॉस्ट साफ करायचं द्रावण) संपल्यावरही जोर कमी होतो, पण त्याचा काळ्या धुराशी संबंध नाही.

काम झालं की पुन्हा तोच चढ, तोच गियर, तेच गेज. आकडा जॉब कार्डवर लिहा. पीयूसीला नेताना इंजिन पूर्ण गरम हवं. बीएस 4 च्या आधीच्या डिझेल गाडीला फ्री अ‍ॅक्सिलरेशनला (न्यूट्रलमध्ये दिलेल्या रेसला) 65 एचएसयूची (धुराच्या दाटपणाच्या एककाची) हद्द आहे, बीएस 4 ला 50. पण ही चाचणी उभ्या गाडीची आहे. बूस्ट लीक असलेली गाडी त्यात पास होऊन दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या पुढे परत धूर मारू शकते, म्हणून पीयूसीच्या आधी चढावरचं गेज बघा.